प्रोपेलर आणि स्वेच्छानिवृत्ती

३ फेब्रुवारी, सोमवार
प्रोपेलर घरी आला. लिफ्टमध्ये मावला नाही. चार मजले जिन्याने. टेम्पोवाला आणि त्याचा भाऊ उचलत होते, मी मागून सूचना देत होतो. दुसऱ्या मजल्यावर दम खाताना टेम्पोवाला म्हणाला, साहेब, एवढा पंखा लावायला छत कुठून आणणार? त्याला समजावलं की हा पंखा नव्हे, विमानाचा लाकडी प्रोपेलर आहे, अँटिक आहे. तो म्हणाला, मग विमान कुठाय?

माझी पाठ धरली आहे.

बाबांचं घर रिकामं करायचं काम काल संपलं. वाटणी शांतपणे झाली. ताईने लोखंडी कपाट, शिलाई मशीन आणि फोटोंचे अल्बम घेतले. मी फक्त प्रोपेलर. ताई म्हणाली, घे बाबा, माझ्याकडे एवढी भिंत कुठेय. मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. चोवीस वर्षं विमा कंपनीत सर्व्हेअर आहे. लोकांच्या जळक्या-भिजक्या वस्तूंची किंमत ठरवताना चेहरा कसा ठेवायचा ते अंगवळणी पडलंय. ताईबद्दल मात्र जरा वाईट वाटलं. पुढेमागे तिला काहीतरी घेऊन देणे. मिक्सर वगैरे.

हिने दार उघडलं, प्रोपेलरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, दोघंही हॉलमध्येच राहणार का?

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ६.१०
मोजमाप घेतलं. लांबी सात फूट आठ इंच. हॉल अकरा फूट. सोफा सरकवला. आता टीव्ही बघायचा तर पात्यावरून मान काढावी लागते. सवय होईल.

लाकूड एकसंध नाही. पातळ फळ्या एकावर एक चिकटवून मग कोरलंय. पात्यांच्या कडेला पितळी पत्रा. मधल्या जाड भागाला हब म्हणतात (शिकलो). हबमध्ये एक मोठं भोक, भोवती आठ लहान. काळ्या मेणचट थराखाली ठोकलेली काही अक्षरं नि आकडे आहेत. स्टोअरकीपर लोकांना दिसेल त्यावर शिक्के मारायची खोड असते.

नेटवर पाहिलं. असाच एक परदेशात लिलावात गेला, आमच्या फ्लॅटच्या निम्म्या किमतीला. तोही पात्याला तडा गेलेला. आमच्याला तडा नाही. म्हणजे पूर्ण फ्लॅट धरायला हरकत नाही.

आयुष्यभर लोकांना घसारा लावला. पाच वर्षांचा फ्रिज, निम्मी किंमत. दहा वर्षांची गादी, शून्य. ही पहिलीच वस्तू जिला घसारा उलटा लागतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार
आज भिजलेली गादी. वरच्या मजल्यावर नळ उघडा राहिला होता. बाईंनी गादी उन्हात वाळवून, खोळ धुऊन, वर इस्त्री फिरवून ठेवली होती. मला बघायला बरं वाटावं म्हणून! त्यांना कलम चार दाखवलं : पाहणी होईपर्यंत वस्तू हलवू नये, धुऊ नये, दुरुस्त करू नये. बाई म्हणाल्या, अहो, पण वास मारत होती. म्हटलं, बाई, तो वास हाच पुरावा होता. क्लेम नामंजूर. बाई म्हणाल्या, तुमच्या घरी होऊ दे एकदा, मग कळेल.

लोक कलमं वाचत नाहीत. सांगून सांगून तोंड दुखतं.

परतताना बसमध्ये ठरवलं, बस्स झालं. वय बावन्न. चोवीस वर्षांत किती गाद्या पाहिल्या त्याचा हिशेब नाही. आता गादी दिसली की तिच्यावर आडवं व्हावंसं वाटतं, मग ती ओली असो की जळकी. ऑफिसात पोचल्या पोचल्या स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहिला. साहेब फोनवर होते. त्यांनी बोटाने ट्रे दाखवला. ठेवला.

आस्थापनातल्या क्लार्कने आपणहून सांगितलं, महिनाअखेरपर्यंत अर्ज मागे घेता येतो, नंतर नाही. मी नुसता हसलो. त्याला काय ठाऊक माझ्या हॉलमध्ये काय पडलंय.

हिला सांगणे. पगार बंद होणार हे आधी सांगायचं की प्रोपेलरची किंमत आधी, यावर विचार चालू.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
हिला सांगितलं नाही. डोकं दुखत होतं (माझं).

९ फेब्रुवारी, रविवार
प्रोपेलरची ओळख पटवली. चार तास लागले. पहिल्या महायुद्धातलं लढाऊ विमान. पुरावा : लाकूड आहे, पितळ आहे, आणि एकंदर रुबाब तसाच आहे. बाबा विमानांच्या दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये होते, तिथे कुठूनतरी आला असणार. ते तिथे नेमकं काय करत हे विचारायचं राहूनच गेलं. शाळेच्या फॉर्मवर मी वडिलांचा व्यवसाय ‘तांत्रिक’ असा लिहायचो. चालून जायचं.

हिच्याकडून फोटो काढून घेतला. प्रोपेलर भिंतीला टेकवलेला, शेजारी मी, हबवर हात ठेवून. ही म्हणाली, शिकारीच्या फोटोसारखा आलाय, फक्त शिकार कोणाची झाली ते कळत नाही.

विमान संग्रहालयाला मेल केला. ओळख मी पटवली आहे, किमतीचा अंदाजही तयार आहे, आपण येऊन फक्त दाखला द्यावा.

१२ फेब्रुवारी, बुधवार
संग्रहालयातून फोन. बोलणारे गृहस्थ वयस्क, निवृत्त विमान-अभियंते. बाबांच्या वर्कशॉपचं नाव त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, बावीस तारखेला शनिवारी स्वतः येतो. आणि दोनदा बजावलं, तोवर आहे तसा राहू द्या, हात लावू नका, धूळसुद्धा पुसू नका.

हसू आलं. हे वाक्य मी दिवसातून चार वेळा म्हणतो. का म्हणतो तेही मला ठाऊक आहे. वस्तू मळकी असली की चाळीस टक्के कापताना मन कचरत नाही. टेबलाच्या त्या बाजूने हा खेळ मी चोवीस वर्षं खेळलोय. या बाजूला बसलो म्हणून फसणार नाही.

प्रोपेलर चकचकीत करणे.

(ही : आज माहेरच्या फोनवर एक तास. सांगायला वेळच मिळाला नाही.)

१५ फेब्रुवारी, शनिवार
सुतार आला. आल्या आल्या पात्यावरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, साहेब, हे कोणीतरी जीव लावून केलंय. मी म्हटलं, जीव राहू दे, पॉलिशचं बोला. त्याने हबवर अंगठा फिरवला आणि म्हणाला, इथे काहीतरी ठोकलंय, घासलं तर जाईल. म्हटलं, जाऊ दे, डाग आहेत. तो म्हणाला, डाग असे ओळीत नसतात.

मजुरी वाढवायचा डाव. मी किती पाण्यात आहे ते त्याला कळेना. शेवटी म्हणाला, मी नाही घासणार, पाहिजे तर घासायचं मशीन ठेवून जातो, उद्या संध्याकाळी नेईन. भाडंही नको म्हणाला. विचित्र माणूस. अशांमुळेच धंदे बुडतात.

१६ फेब्रुवारी, रविवार
स्वतः घासला. दहा ते चार. अर्धा हॉलमध्ये, अर्धा बाल्कनीत. खालच्या मजल्यावरच्यांचे कपडे वाळत होते, त्यांवर भुसा गेला. त्यांनी वर येऊन विचारलं, तुम्ही घर पाडताय का?

काळा थर गेला. त्याखालचा तांबूस थर गेला. त्याखालचे आकडे गेले. आतून लाकूड नुकत्याच आंघोळ केलेल्या बाळासारखं निघालं. पितळी पत्रा हिरवट पडला होता, उचकटून काढला. आठ भोकांत पुट्टी भरली. भोक म्हणजे दोष, दोष म्हणजे कपात. मधल्या मोठ्या भोकातही भरणार होतो, पण पुट्टी संपली.

ही दाराशी येऊन म्हणाली, त्या गृहस्थांनी हात लावू नका सांगितलं होतं ना? म्हटलं, ते सगळ्यांनाच तसं सांगतात. ती म्हणाली, आणि तुम्ही? म्हटलं, मीही सगळ्यांना तेच सांगतो. तिने आत जाऊन खिडक्या लावून घेतल्या.

१७ फेब्रुवारी, सोमवार
उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. रजा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
व्हार्निशचा तिसरा हात. आता त्यात चेहरा दिसतो. ही म्हणाली, चला, भांग पाडायची सोय झाली.

तिला आज सांगणारच होतो, पण ती म्हणाली, व्हार्निशच्या वासाने मळमळतंय. अशा वेळी माणसाला धक्का देऊ नये.

१९ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी
ताई येऊन गेली. मी तिला मुद्दामच बोलावलं होतं. आपण काय सोडलं ते तिला एकदा दिसावं. (मिक्सर तेव्हाच जाहीर करणार होतो.)

ताई प्रोपेलरपाशी गेली. हबवर बोटं ठेवली, चाचपडल्यासारखी फिरवली. मग म्हणाली, अरे, सतरा कुठाय?

मी म्हटलं, कसले सतरा?

मग तिने सांगितलं. बाबा तपासनीस होते. वर्कशॉपमध्ये प्रत्येक तपासनिसाचा एक नंबर असायचा. फळ्यांची चिकटवण, पात्यांचा तोल, सगळं बघून प्रोपेलर पास झाला की हबवर बाकीच्या आकड्यांखाली आपला नंबर ठोकायचा. बाबांचा नंबर सतरा. ठोकला की ठोकला. पुढे हवेत काही झालं तर चौकशी करणारे सरळ सतराच्या दाराशी येणार. ताई म्हणाली, बाबांना ठोकायच्या आदल्या दिवशी जेवण जायचं नाही. हा त्यांनी पास केलेला शेवटचा. वर्कशॉपला टाळं लागलं तेव्हा तो विमानावर चढायचा राहून गेला होता. मालकांनी म्हटलं, तुम्हीच घेऊन जा.

विचारलं, तुला हे कोणी सांगितलं? ताई म्हणाली, बाबांनीच. जेवताना. तू समोरच बसला होतास.

चहा न घेता गेली. मिक्सरचा विषय निघाला नाही.

भावनिक मूल्य आमच्या फॉर्ममध्ये भरता येत नाही. रकानाच नाही. आणि पहिल्या महायुद्धाबद्दल ताईला काय कळतं?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
हार्डवेअरच्या दुकानात आकडे ठोकायचे पंच मिळतात. शून्य ते नऊ, डबीत. घेऊन आलो. एक आणि सात, दोन ठोके, दोन मिनिटांचं काम. व्हार्निशच्या खाली कोण बघतंय?

हातोडी घेऊन बराच वेळ प्रोपेलरसमोर बसलो. मग ठेवून दिली.

खांदा दुखत होता म्हणून.

२२ फेब्रुवारी, शनिवार
संग्रहालयातले गृहस्थ अकराला आले. चार मजले चढून धापा टाकत होते, लिफ्ट दिसलीच नाही म्हणाले. हिने पाणी पुढे केलं, त्यांनी घेतलं नाही. हॉलच्या दारातच थांबले आणि म्हणाले, अरेरे.

एवढंच.

मग जमिनीवर मांडी घातली. टॉर्च तिरपा धरून हब पाहिला. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. मी माहिती देत होतो. ते ऐकत नव्हते. शेवटी विचारलं, इथे काय लिहिलं होतं? म्हटलं, आकडे. कोणते? आठवत नाहीत. कुठे लिहून ठेवलेत? नाही. फोटो? फोटो आहे म्हटलं आणि मोबाईल दिला. त्यांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. हबवर माझा तळवा. पाची बोटं पसरलेली. एक आकडा दिसत नाही.

ही आत गेली. स्वयंपाकघरात काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. बहुधा तिने मुद्दाम पाडलं.

गृहस्थ म्हणाले, त्या वर्कशॉपचे दोनच उरलेत, दोन्ही आमच्याकडे. तिसरा आहे असं कळल्यापासून मला झोप नव्हती. तिथल्या वह्याही माझ्याकडे आहेत. आकडे असते तर कोणत्या विमानासाठी, कोणत्या इंजिनासाठी, कोणी केला, कोणी तपासला, सगळं पंधरा मिनिटांत सापडलं असतं. मी महायुद्धाचं विचारलं. ते म्हणाले, छे हो. शिकाऊ वैमानिकांचं विमान. युद्धबिद्ध काही नाही. पण आम्हाला नेमकं तेच हवं होतं.

मी म्हटलं, पण वस्तू तीच आहे ना? ते म्हणाले, हॉटेलांच्या भिंतीवर लावायला हुबेहूब असे बनवतात. त्यांच्यावरही आकडे नसतात. तुम्ही सांगता त्यावर माझा विश्वास आहे, पण तसं लिहून देता येणार नाही.

हे वाक्य माझं आहे. शब्दन् शब्द. मी ते उभ्या उभ्या, फॉर्म मिटता मिटता म्हणतो. समोर बसून ऐकायला इतका वेळ लागतो याची कल्पना नव्हती.

किंमत विचारली. म्हणाले, भिंतीची शोभा. निघताना पुट्टीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, ही भोकं का बुजवलीत? म्हटलं, दोष होते. ते म्हणाले, अहो, त्यातूनच तर तो विमानाला बसतो. आणि जिन्याने उतरले. लिफ्ट दाखवायचं मीही विसरलो.

संग्रहालयवाले आडमुठे असतात. दुसरं मत घेणे.

२४ फेब्रुवारी, सोमवार
दुसरं मत : जुन्या वस्तूंचा दुकानदार. म्हणाला, मधल्या भोकात घड्याळ बसवू, मग कोणीतरी घेईल. विचारलं, घड्याळाशिवाय? म्हणाला, घड्याळाशिवाय जळण.

तिसरं मत : कोपऱ्यावरच्या कॅफेचा मालक. घ्यायला तयार आहे. लाल रंग देऊन हवाय.

हिने विचारलं, काय म्हणाले? म्हटलं, बाजार मंद आहे. ती म्हणाली, हात दाखवून अवलक्षण. मग म्हणाली, जेवून घ्या.

२६ फेब्रुवारी, बुधवार
ताई टेम्पो घेऊन आली. तोच टेम्पोवाला. म्हणाला, विमान सापडलं वाटतं.

ताईने विचारलं नाही, सांगितलं. मी नेते. मी म्हटलं, अगं, तुझ्याकडे भिंत नाही. ती म्हणाली, कपाट विकलं, झाली भिंत. म्हटलं, त्यावर आता नंबरही नाही. ती म्हणाली, मला पाठ आहे ना. तेवढं पुरे.

टेम्पोत जुन्या चादरी अंथरल्या होत्या तिने. पातं कुठे टेकू नये म्हणून स्वतः मागे बसून गेली. गुडघ्याचं दुखणं असताना.

मीच मोठं मन केलं. द्यायचं तर ते उघड्या हाताने द्यावं. हॉल एकदम मोठा दिसतो. टीव्हीही नीट दिसतो. बघण्यासारखं काही नव्हतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
शांतपणे, सर्व बाजूंनी विचार केला. प्रोपेलर हे निमित्त होतं. स्वेच्छानिवृत्तीचा निर्णय त्यावर कधीच अवलंबून नव्हता. सल्लागार म्हणून काम करता येईल. कशाचा, ते नंतर ठरवता येईल. लेख लिहिता येतील. सकाळी फिरायला जाता येईल. अर्ज मागे घेणार नाही म्हणजे नाही. उद्या शेवटची तारीख आहे, ती आपल्या पायांनी येईल आणि आपल्या पायांनी जाईल.

आज दोन जळके सोफे. एकात उंदरांचं घर होतं. तेही जळालेलं. त्याचा क्लेम कोणी केला नव्हता.

अर्ज मागे घेणार नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी १२.२०
अर्ज मागे घेतला.

म्हणजे घ्यायला गेलो. साहेबांच्या टेबलासमोर उभा राहून, कौटुंबिक कारणांमुळे वगैरे, घरून पाठ केलेलं सगळं म्हटलं. साहेब म्हणाले, कसला अर्ज? ट्रे उपसला. वीज बिलं, एका मुंजीची पत्रिका, कोणाची तरी रजा, पंख्याची तक्रार. सगळ्यात खाली माझा. वर चहाच्या कपाचे दोन गोल. साहेब म्हणाले, हा कधी दिलात? वाचलाच नव्हता. थांबा, वाचतो. म्हटलं, नको. ते म्हणाले, बरं झालं आलात, वाचला असता तर पुढे पाठवला असता. आणि हसले. मीही हसलो.

क्लार्कने विचारलं, काय ठरलं? म्हटलं, कंपनी सोडायला तयार नाही.

संध्याकाळी ७.००
हिला सांगून टाकलं. आता लपवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून सोपं गेलं. अर्ज केला होता आणि आज मागे घेतला, असं एका दमात.

ती भाजी चिरत होती. म्हणाली, केला होता ते माहीत आहे. सात तारखेला शर्ट धुताना खिशात कच्ची प्रत मिळाली. वाळवून कपाटात ठेवली आहे, हवी तर देते.

विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. आणि म्हटलं, बोलले तर मोडता पडायचा. आपलं भागलं असतं, मी आकडेमोड करून ठेवली होती. माहेरीसुद्धा सांगून ठेवलं होतं, हे आता घरी असणार, जरा माणसात येतील. त्या लाकडाला रोज झाडू मारताना मनातून हात जोडत होते.

तिची समजूत घालणं माझं काम होतं. म्हटलं, अगं, मन कशाला खट्टू करतेस? रीतसर निवृत्तीला आता आठच वर्षं राहिली आहेत.

ती म्हणाली, आठ वर्षं. तेच म्हणतेय मी.